कार्गो सायकल घेण्याआधी

भाऊ, सामान वाहायला कार्गो सायकल घ्यायची म्हणून कार लगेच विकू नको. आधी घरच्याच सायकलला मजबूत कॅरिअर, दोन्ही बाजूंना पिशव्या आणि दोन पायांचं स्टँड लाव. एका पायाच्या स्टँडवर आपल्या नागपूरच्या कॉटन मार्केटची भाजी भरायला घेतलीस की सायकल आडवी झालीच समज. जड माल खाली. बटाटे तळाशी, सांबार (कोथिंबीर) वर. भरलेलं घरगुती सिलिंडर 30 किलोच्या घरात जातं, ते साध्या कॅरिअरवर नकोच. त्याला मागून लांब किंवा पुढे पेटी असलेली सायकल हवी, आणि ब्रेक दमदार.

आपल्याकडे उड्डाणपूल सोडले तर चढ फारसे नाहीत. खरी परीक्षा उन्हाची. मे महिन्यात पारा 45च्या वर जातो, तेव्हा खरेदी सकाळी आठच्या आत उरकायची, दुपट्टा बांधून. (खिशात कांदा ठेवायचा का, ते आजीला विचार.) बॅटरीवाली घेतलीस तर मोटर 250 वॉट आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत बघ, म्हणजे आरटीओ नोंदणी लागत नाही. बॅटरी उन्हात ठेवू नको.

सिमेंट रस्त्याच्या कडेची फट होईल तितकी काटकोनात ओलांड, नाहीतर भरल्या सायकलीचं चाक अडकतं. इतवारीच्या गर्दीच्या बाजारात मात्र संध्याकाळी जाऊच नको.