‘ओमो ओनिले’ला मराठीत ‘भूमिपुत्र’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे की नायजेरियातल्या लागोस शहराच्या वेशीवरच्या जमीन व्यवहारांवरचा लेख मराठीत करायचाय, त्यात ‘ओमो ओनिले’ हा शब्द वारंवार येतो, तर त्याला ‘भूमिपुत्र’ चालेल का. शब्दाला शब्द लावला तर जुळतं, पण मी म्हणेन नका वापरू.

आधी शब्द फोडून बघू. योरुबात, म्हणजे तिथल्या भाषेत, ‘ऑमॉ’ म्हणजे मूल, ‘इलॅ’ म्हणजे जमीन, आणि ‘ओनी’ म्हणजे चक्क आपलं ‘-वाला’. म्हणजे जमीनवाल्याचं मूल.

आता ही माणसं कोण, तर लागोसच्या पूर्वेला लेकी, इबेजू-लेकी, एपे हा जो पट्टा आहे तिथली जमीन पिढ्यान्पिढ्या घराण्याची, एकट्यादुकट्याची नाही. १९७८ च्या लँड यूज ॲक्टने राज्यातली जमीन गव्हर्नरकडे गेली खरी पण ती कागदावर, जागेवर घराणंच बसलेलं, त्यामुळे डेव्हलपर पहिला त्यांच्याच दारात जातो, एकरांनी जमीन घेतो आणि प्लॉट पाडून विकतो. त्या जाहिरातींत ‘एक्सिजन इन प्रोसेस’ असं दिसेल, तेही नीट समजून लिहा. सरकारने संपादित केलेल्या जमिनीतला तुकडा घराण्याला परत सोडणं आणि ते गॅझेटमध्ये येणं म्हणजे एक्सिजन, आणि ‘इन प्रोसेस’ म्हणजे जमीन अजून सुटलेलीच नाही!

मग प्लॉट घेणारा पाया खणायला लागतो आणि याच घराण्यांची पोरं येतात, पायाचे पैसे द्या. छपरापर्यंत काम आलं की परत येतात, छपराचे द्या. कधी घराण्यातल्या दुसऱ्या शाखेने तोच प्लॉट आणखी कुणाला विकलेला असतो. म्हणून तिकडे घरांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरात रंगवतात की हे घर विकायचं नाही, ४१९ पासून सावध. ४१९ हे तिथलं फसवणुकीचं कलम, बोलण्यात आपल्या ४२० सारखंच रुळलेलं. या जबरदस्तीविरुद्ध लागोस राज्याने २०१६ साली वेगळा कायदा केला.

आता ‘भूमिपुत्र’ म्हटलं की मराठी वाचकाला प्रकल्पात जमीन गेलेला, नोकरीत हक्क मागणारा माणूस दिसतो आणि तो लगेच त्याच्या बाजूने उभा राहतो. लेखातला पाया अडवणारा माणूस त्यात बसत नाही. पण ‘गुंड’ लिहिलंत तर तेही अन्यायाचं, कारण याच घराण्यांनी रीतसर सह्या करून जमिनी विकल्यात आणि बंदर, फ्री झोन (करसवलतीचं उद्योगक्षेत्र) यांच्यासाठी त्यांच्याही जमिनी गेल्यात. शब्दाला दोन्ही पेलता आलं पाहिजे.

म्हणून मला ‘जमीनवाल्यांची पोरं’ आवडतं. ‘पोरं’ म्हणजे लेकरंही, आणि ‘साइटवर पोरं आली होती’ म्हटलं की कुठली पोरं ते कुणी विचारत नाही. योरुबातल्या ‘ऑमॉ’लाही ही छटा आहे, रस्त्यावरच्या टोळक्याला ‘ऑमॉ इता’ म्हणतात, बाहेरची पोरं. पहिल्यांदा मूळ शब्द देऊन हा अर्थ सांगा, पुढे मूळ शब्दच चालू ठेवा.

फक्त लिहिताना ‘ऑमॉ ओनिलॅ’ लिहा, आपल्याकडे ऑ आणि ॲ आहेत तर वापरायला हवेत, कारण ‘इले’ म्हणजे घर, आणि ‘ओनिले’ लिहिलंत तर तो घरमालक होतो.