मुरडलेलं पान

प्रिय विद्यार्थिनीस,

पान का मुरडतं यावरचा तुझा प्रकल्पाचा मसुदा दोनदा वाचला. दीड पानात 'एपिजेनेटिक्स' (डीएनए न बदलता जनुकं चालू-बंद होणं) अकरा वेळा आलंय आणि 'पान' फक्त तीनदा. तुझी खरी अडचण तिथेच आहे.

रोपाच्या शेंड्याला विभाजी ऊतींचा, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींचा, बारीकसा घुमट असतो. तिथे नॉक्स कुळातली जनुकं चालू असतात, म्हणून पेशी कोवळ्या राहतात, कुठलंच रूप घेत नाहीत. घुमटाच्या कडेला जिथे ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक साठतं तिथे ही जनुकं बंद पडतात आणि पानाचा उंचवटा वर येतो. या कुळाचं नाव मक्यावरून पडलं. ज्या मक्याच्या पानावर गाठी उठतात, त्याचं 'नॉटेड' जनुक १९८९ मध्ये हाती लागलं. बंद असायला हवं तिथे ते चालू राहतं, म्हणून गाठ येते.

पण बंद पडणं वेगळं आणि बंद राहणं वेगळं. पानाच्या पेशी पुढे कितीतरी वेळा विभागतात. 'आपण आता शेंडा नाही' हे लेकीबाळींपर्यंत पोचवायचं कसं? अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात एएस-१ आणि एएस-२ ही प्रथिनं जोडीने काही नॉक्स जनुकांवर बसतात आणि जनुकं बंद ठेवणाऱ्या पॉलिकोंब या प्रथिनांच्या यंत्रणेला बोलावून घेतात. डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो ती हिस्टोन; ती यंत्रणा त्यातल्या एच-३ च्या २७व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मिथाइल गट चढवते. डीएनएचं एक अक्षरही बदलत नाही, तरी कुलूप लागतं.

इथवर तू लिहिलंच आहेस, आणि नीट लिहिलं आहेस. पुढे मात्र घाई केलीस: 'मिथाइल खूण गेली, म्हणून पान मुरडलं.' असं नसतं गं. 'कर्ली लीफ' हे उत्परिवर्तन घे. त्यातलं जनुक याच पॉलिकोंब यंत्रणेचा एक भाग आहे, हे १९९७ मध्ये कळलं. ते बिघडलं की पान आत वळतं. का? तर फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर घडवणारं 'अॅगॅमस' जनुक पानात जागं होतं. तेही काढून टाकलं की मुरड बरीच कमी होते. पहारेकरी गेला हे खरं, पण घरात शिरला तो वेगळाच. खूण कुठे गेली याच्या यादीपेक्षा तो दुहेरी उत्परिवर्ती, म्हणजे दोन्ही जनुकं बिघडलेलं रोप, मला जास्त मोलाचा वाटतो. तुझ्या मसुद्यात असा एकही प्रयोग नाही.

दुसरं, अख्खी रोपं वाटून हिस्टोन मोजू नकोस. माझं एक वर्ष त्यात गेलंय. घुमट जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. बाकी सगळं जुनं पान. मी मोजली ती त्या जुन्या पानाची सरासरी, आणि शेंड्याबद्दल निष्कर्ष काढून मोकळा झालो!

आणि अरॅबिडॉप्सिसचं सगळंच इतर झाडांना लावू नकोस. टोमॅटोच्या कोवळ्या पानात नॉक्स पुन्हा चालू होतात, पर्णिका, म्हणजे एकाच पानातली छोटी पानं, सुटण्यात त्यांचा हात असतो. वाटाण्यात तेच काम युनिफोलिएटा नावाचं वेगळं जनुक सांभाळतं. संयुक्त पान दोघांचंही, वाट निराळी. ऑस्ट्रेलियन बाभळीचं रोप कधी पाहिलंस? कोकणात रस्त्याकडेला खूप लावलीय. पहिली पानं बारीक पर्णिकांची, आणि मग देठच रुंद होऊन पानाचं काम करतो. रोप वयात येतं तसं एक छोटं आरएनए, मिआर-१५६, कमी होत जातं. हा पालट त्याच्याशी जोडला गेलाय. प्रकल्पात घेऊ नकोस, फक्त पाहून ठेव.

आता काम. टोमॅटोच्या बिया या आठवड्यात पेर. पहिली खरी पानं दिसली की सूक्ष्मदर्शकाखाली इन्सुलिनच्या सुईने एकेक पान सोलत घुमटापर्यंत जा. पहिली दहा-बारा रोपं फुकट जातील, म्हणून तीस पेर. जे दिसेल ते पेन्सिलने काढ, मोबाइलवर फोटो नको. मसुदा त्यानंतर पुन्हा लिहू. येताना ती वही आण, आणि सुया माझ्याकडे आहेत, विकत घेऊ नकोस.

तुझा,
सर