पोरगा पिचर होईल का?

प्रश्न: माझा मुलगा १२ वर्षांचा, क्रिकेटमधून बेसबॉलकडं आलाय. सुट्टीतल्या स्पर्धेच्या टीममध्ये घेतलं पण कोचनी आउटफिल्डला (मैदानाच्या मागच्या, लांबच्या भागात) टाकलं, त्याला पिचरच (बॅटरला बॉल टाकणारा) व्हायचंय. टीम निवडतात तरी कशी? – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, टीममध्ये आलाय ना, मग रुसू नका! मैदानात ९ जण असतात पण अशा स्पर्धेत लागोपाठ मॅचेस, म्हणून शहाणा कोच आधी पिचर आणि कॅचर (बॅटरमागं बसून बॉल पकडणारा) बघतो, एका पिचरवर भागत नाही. अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉलची संघटना) ११-१२ वर्षांच्या पोराला दिवसाला ८५ पिचची (पिच म्हणजे पिचरनं टाकलेला एक बॉल) मर्यादा आहे, ६६ किंवा जास्त टाकले की ४ दिवस पिचिंग बंद, का तर वाढत्या वयात कोपर अन् खांदा कामातनं जातो. तिथं सीझनभर लीगमध्ये खेळलेल्या पोरांतूनच स्पर्धेची टीम निवडतात, ऐनवेळी बाहेरचा भारी खेळाडू आणायची सोय नाही (आपल्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धा आठवल्या का?). आणि क्रिकेटवाल्या पोरांना उंच कॅच जमतात, म्हणून आउटफिल्ड. पिचिंगला मात्र कोपर वाकवून फेकायचं असतं, बॉलिंगच्या बरोब्बर उलटं, ती सवय लागायला वेळ जातो. कोचना सरळ विचारा, सरावात थोडं पिचिंग देता का म्हणून. अन् मे महिन्यात सोलापुरात सराव सकाळी लवकरच, दुपारी बिलकुल नको.