टर्कीची मान आणि व्हायरसचा सेन्सर

प्रश्न: व्हायरसपासून बनवलेला सेन्सर रंग बदलून स्फोटक ओळखतो म्हणे, मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं. व्हायरसचा आणि रंगाचा काय संबंध? आणि असली वस्तू हाताळली तर आपण आजारी नाही ना पडणार?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: आजारी पडायचं टेन्शन सोडा. हा एम१३ नावाचा बॅक्टेरियोफेज (थोडक्यात फेज), म्हणजे फक्त बॅक्टेरियात शिरणारा व्हायरस, तो ई-कोलाय बॅक्टेरियाला धरतो, माणसाच्या वाटेला जात नाही. दिसायला म्हणाल तर शेवई, लांबी साधारण ८८० नॅनोमीटर, जाडी जेमतेम ७, आणि अंगभर एकाच प्रोटीनच्या सुमारे २७०० प्रती चिकटलेल्या.

आता रंग. हळद बोटाला लागते, मोरपीस कितीही चोळा, बोट कोरंच राहतं, कारण तो निळा-हिरवा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाहीच, आतल्या बारीक रचनेवर प्रकाश आपटून तो तयार होतो. टर्कीच्या मानेचंही तेच, पक्षी चिडला की कातडीतल्या कोलॅजेन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांमधलं अंतर बदलतं आणि रंग पालटतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात सेउंग-वुक ली यांच्या टीमने २०१४ मध्ये हीच आयडिया उचलली. फेजच्या द्रावणात काचेसारखी सपाट पट्टी बुडवायची आणि हळूहळू वर ओढायची, की पाण्याच्या कडेला फेज आपोआप जुड्या बांधून बसतात, ओढायचा स्पीड बदलला की पट्ट्याचा रंगही वेगळा. वाफ लागली की जुड्या फुगतात, अंतर बदलतं, रंग सरकतो, आणि तो फोनचा कॅमेरा टिपतो.

पण नुसतं फुगणं म्हणजे ओळखणं नव्हे, खरी गंमत जीनमध्ये आहे. फेजच्या जीनमध्ये बाहेरचा तुकडा घुसवला तर तो त्याच्या अंगावर उमटतो हे जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये दाखवलं (२०१८ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याचाच). बर्कलीवाल्यांनी टीएनटी या स्फोटकाला चिकटणारा छोटासा पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा तुकडा, फेजच्या अंगावर बसवला, म्हणजे त्या २७०० प्रतींवर जणू हुकच लावले, आणि १०० कोटी भागांत ३०० भाग इतकी विरळ टीएनटीची वाफसुद्धा पकडली.

मला विचाराल तर अडचण एकच, हवेतल्या नुसत्या ओलाव्यानेही या जुड्या फुगतात. म्हणून वेगवेगळ्या रंगांचे पट्टे शेजारी ठेवून सगळ्यांचा बदल एकत्र बघतात, कुठल्या वाफेने कुठला पट्टा किती सरकला ते. तुमच्या चिपळूणच्या जुलैत मात्र या सेन्सरला आधी पावसाची सवय लावावी लागेल.