अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील मालकाची बाजू मांडतो का?

तुमच्या टेम्पोची धडक बसून मोटारसायकलवरचा माणूस गेला. त्याच्या घरच्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला आणि तुम्हाला नोटीस आली. विमा चालू आहे, आणि अमेरिकेतले मेहुणे म्हणतात की वकील कंपनीच देते, मग आपण कशाला जायचं? जायचं. मी हेच दावे चालवतो, बहुतेक मालकांच्या बाजूने, म्हणून ठामपणे सांगतो.

मेहुणे तिथल्यापुरतं बरोबर सांगतात. तिकडच्या गाडीच्या पॉलिसीत ग्राहकाचा बचाव करणं ही साधारणपणे कंपनीचीच जबाबदारी असते. कॅलिफोर्नियात तर कंपनी आणि ग्राहक यांचं हित एकमेकांविरुद्ध जात असेल, तर ग्राहकाने निवडलेल्या स्वतंत्र वकिलाची फीसुद्धा कंपनीला द्यावी लागते. आपल्याकडची पॉलिसी उलटून मागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत. आणि तुमच्या नावाने बचाव चालवायचा अधिकार कंपनीला. अधिकार आहे, सक्ती नाही.

भरपाईचं मात्र तसं नाही. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे तिऱ्हाइताच्या मृत्यूची रक्कम न्यायाधिकरण ठरवेल ती कंपनी भरते. अडतं ते अटींच्या भंगापाशी: ड्रायव्हरचं लायसन्स, परमिट, दारू पिऊन चालवणं, हप्त्याचा न वटलेला चेक. इथे कंपनीचा वकील तुमच्याच विरुद्ध उभा असतो, आणि त्याचं कामच ते आहे. ‘लायसन्स वैध नव्हतं’ असं त्याने लिहून दिलं आणि तुम्ही हजरच नसाल, तर खोडून कोण काढणार? मग अनेकदा हुकूम येतो की कंपनीने आधी भरावं आणि मालकाकडून वसूल करावं. ती वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढायची वेळ.

आणि हे टाळणं फार अवघड नसतं. स्वरण सिंग प्रकरणात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की अटीचा भंग झाला हे कंपनीने सिद्ध करायचं, आणि त्यात मालकाचा निष्काळजीपणा होता हेही. कामावर ठेवताना तुम्ही लायसन्स बघितलं होतं, गाडी चालवून घेतली होती, एवढं शपथेवर सांगितलंत तरी बाजू भक्कम होते. शिवाय टेम्पोचं भरलेलं वजन 7500 किलोपर्यंत असेल, तर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, व्यावसायिक वाहनाचा वेगळा शेरा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये हा वाद मिटवला, तरी जुन्या मसुद्यातला ‘शेरा नव्हता’ हा आक्षेप कंपन्यांच्या कैफियतींमध्ये, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरांमध्ये, अजून सापडतो.

तुम्ही लढलाच नाहीत, तर कलम 170 खाली कंपनी परवानगी घेऊन तुमचेही मुद्दे मांडू शकते. पण ते तिचा खिसा वाचवायला.

फौजदारी खटला वेगळा. त्यातला दंड विम्यातून मिळत नाही. ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’ असा सल्ला कोर्टाच्या आवारात ड्रायव्हरला फुकट मिळतो. तो कबुलीजबाब भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे येतो. गावातल्या बैठकीत परस्पर रक्कम ठरवून मिटवणंही तसंच, वरच्या अटीत बसत नाही.

तेव्हा अपघाताची लेखी खबर कंपनीला दिली नसेल तर आजच द्या आणि पोच घ्या. नोटिशीची प्रतही पाठवा. स्वतःचा वकील लावा, कैफियत द्या, आणि लायसन्स, परमिट, फिटनेस, पॉलिसी दाव्यात दाखल करा. तारीख उलटून एकतर्फा हुकूम झाला असेल, तर तो रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो. उशिराचं कारण पटेल असं हवं, आणि थोडा खर्च बसतो.