वाचक विचारतात: उंटाचा सर्रा माणसाला होतो का?

प्रश्न: बिकानेरला उंटवाले सर्रा सर्रा म्हणत होते, उंटाला ताप येतो जातो, खंगतो, मदार बसते. हा रोग माणसाला लागतो का हो? – एक वाचक, लातूर

उत्तर: सहसा नाही. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी नावाचा परजीवी रक्तात शिरतो, चावऱ्या माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. ब्रिटिश पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खानला (आता पाकिस्तानात) घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला. आपल्या रक्तातलं एक प्रोटीन त्याला मारून टाकतं, म्हणून आपण वाचतो.

पण एक केस मात्र आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातली आहे, २००४ची. गुरं असलेल्या एका शेतकऱ्याला ताप यायचा जायचा, रक्ताच्या काचपट्टीवर वळवळणारे ट्रिपॅनोसोमा दिसले, मग सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. पुढे २००६ मध्ये कळलं की ते प्रोटीन, एपीओएल१, त्याच्या रक्तात नव्हतंच, जन्मतःच जीनमध्ये बिघाड! मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, एका गावातल्या तापाने आपलं सगळ्यांचं संरक्षण कशात आहे ते दाखवून दिलं.

उंटाला असा ताप दिसला तर थांबू नका, ताप चढलेला असतानाच व्हेटकडून रक्त तपासून घ्या, एकदा निगेटिव्ह आलं तरी परत करा कारण जुन्या सर्रामध्ये परजीवी अधूनमधूनच दिसतात.