रेड-१ मध्ये मिसमॅच १२८: 'रिपेअर' द्यावं का?

प्रश्न : लिनक्सवर दोन डिस्कची एमडी रेड-१ आहे (लिनक्सचीच सोय, दोन्ही डिस्कवर एकच डेटा ठेवते), फाइल सिस्टिम एक्स्ट४. त्यावर फक्त फोटो आणि जुने हिशेब आहेत. महिन्याच्या 'चेक'नंतर (दोन्ही प्रती ताडून पाहणारी तपासणी) मिसमॅच काउंट, म्हणजे न जुळलेल्या सेक्टरांचा आकडा, १२८ आला. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यात) दोन्ही डिस्क ठणठणीत दिसतात. 'रिपेअर' देऊ का?

उत्तर : आत्ता मुळीच नको. दोन प्रतींत फरक आहे एवढंच एमडीला कळतं. खरी कोणती, हे ठरवायला त्याच्याजवळ चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नसतो. 'रिपेअर' एका डिस्कवरचा डेटा सरळ दुसरीवर उतरवतं. नेमकी तीच प्रत बिघडलेली असेल, तर उरलेली चांगली प्रतही गेली.

आकड्याने घाबरू नका. रेड-१ ची तपासणी ६४ केबीच्या तुकड्यांनी होते आणि एका बिटाचा फरक असला तरी अख्खा तुकडा, म्हणजे ५१२ बाइटचे १२८ सेक्टर मोजले जातात. म्हणजे बहुधा एकच जागा आहे. ॲरेवर, म्हणजे डिस्कच्या या जोडीवर, स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) असता तर असा फरक निरुपद्रवी असू शकला असता. तुमच्याकडे तो नाही, म्हणून शोध घ्यायलाच हवा.

ॲरे अनमाउंट करून थांबवा. एमडीएडीएमला (ॲरे सांभाळणारी आज्ञा) 'असेंबल', 'रीडओन्ली' आणि 'रन' देऊन एकच डिस्क उभी करा. माउंट करताना 'आरओ' आणि 'नोलोड' दोन्ही द्या, म्हणजे एक्स्ट४ जर्नलला (बदलांच्या नोंदवहीला) हात लावणार नाही. सगळ्या फाइलींचे एसएचए-२५६ चेकसम काढून यादी वेगळ्या डिस्कवर ठेवा. ही डिस्क थांबवून मग दुसरीचं तसंच करा. दोन्ही याद्या नावाने लावून डिफने फरक काढा.

जी फाइल वेगळी निघेल ती बॅकअपशी ताडून पाहा. बॅकअप नसेल तर दोन्ही प्रती उघडा: बिघडलेल्या जेपेगमध्ये बहुतेक वेळा एका ओळीपासून खाली रंग बदलतात किंवा चित्र सरकतं. झिपमध्ये स्वतःचा सीआरसी (एक प्रकारचा चेकसम) असतो, 'अनझिप -टी' लगेच सांगतं. यादीत फरकच नसेल तर तुकडा रिकाम्या जागेत किंवा फाइल सिस्टिमच्या नोंदींत आहे. मग दोन्ही डिस्कवर ई२एफएससीके (एक्स्ट४ तपासणारी आज्ञा) 'एफ' आणि 'एन' लावून चालवा, 'एन'मुळे ते काही लिहीत नाही.

चांगली प्रत बाहेर काढून ठेवा, ॲरे दोन्ही डिस्कसह सुरू करा, फाइल बदला आणि आता 'रिपेअर' द्या. त्यानंतर दिसणारा आकडा त्या फेरीत सापडलेल्या फरकांचा असतो. शून्य पाहायला पुन्हा 'चेक' चालवावं लागतं. मशीनमध्ये ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडणारी) नसेल तर एक रात्र मेमटेस्ट ही रॅमची चाचणीही चालवा.

प्रश्न : खरी प्रत आपोआप ओळखली जाईल अशी सोय आहे का?

उत्तर : आहे. एमडीच्या खाली प्रत्येक डिस्कवर डीएम-इंटिग्रिटी (डेटाचे चेकसम ठेवणारा लिनक्सचा थर) बसवा. चेकसम जुळला नाही की ते रीड एरर देतं, एमडी दुसरीकडून डेटा घेऊन बिघडलेली जागा पुन्हा लिहितं. मात्र ते बसवणाऱ्या इंटिग्रिटीसेटअप आज्ञेचं 'फॉरमॅट' डिस्क पुसतं, जागा थोडी घटते आणि जर्नलमुळे लिहिणं मंदावतं. नवीनच उभारणी असेल तर आम्ही झेडएफएस (स्वतः चेकसम ठेवणारी फाइल सिस्टिम) मिरर आणि महिन्याला एक स्क्रब (पूर्ण तपासणी) सुचवू.